झाकण उघडण्याआधी

पुतणी : पुढे घुसू नका काका. त्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं तुमच्याकडे.

काका : पाहू दे. ओळखतात मला. या रांगेतल्या निम्म्या लोकांना रेडिओ मी शिकवलाय. उरलेल्या निम्म्यांना, मी शिकवलेल्यांनी शिकवलाय.

पुतणी : मग मास्तरांसारखे नीट उभे राहा. मेळ्याचं दार नऊला उघडणार, पाटीवर लिहिलंय. अजून पंचवीस मिनिटं आहेत.

काका : पंचवीस मिनिटांत काय काय होतं तुला कल्पना नाही. एकदा मी पंचवीस मिनिटांत तीन खंडांशी बोललो होतो, तेही कपडे वाळत घालायच्या तारेवरून. तारेवर तुझ्या काकूची ओली चादर. पलीकडचा गडी म्हणाला, तुमच्या सिग्नलला आज साबणाचा वास येतोय.

पुतणी : काका.

काका : बरं, दोन खंड.

पुतणी : रविवारी सकाळी सहाला तुमचा फोन. आज एक विद्यार्थिनी पहिल्यांदा हमरस्त्यावर गाडी काढणार होती, तिला मी नाही म्हणून कळवलं. डोळ्याचं ऑपरेशन होऊन तुम्हाला दहा दिवस झालेत, गाडीला हात लावायचा नाही, म्हणून मी आले. आता एवढंच सांगा. काकूने जी वस्तू घराबाहेर काढली, ती परत आणायला आपण इथे का उभे आहोत?

काका : घराबाहेर काढली म्हणजे काय, मी दवाखान्यात असताना जुन्या सामानवाल्याला बोलावून देऊन टाकली. म्हणते, मागच्या खोलीत चालायला जागा नाही, आणि तो राखाडी डबा एकतीस वर्षांत जागचा हलला नाही. त्यावर ती इस्त्री करायची इतकी वर्षं. दोन माणसं लागली उचलायला.

पुतणी : बरंच झालं की.

काका : काल संध्याकाळी आमच्या रेडिओवरच्या गप्पांमध्ये आजची यादी वाचली. रोज सातला आम्ही सगळे एकाच ठिकाणी ऐकत असतो ना, तिथे. कोण काय विकायला आणणार, कोण कशाच्या बदल्यात काय देणार. रिसीव्हर, मॉर्सच्या कळा, तारेची भेंडोळी, आणि एक घरगुती बनावटीचा पॉवर अॅम्प्लिफायर. राखाडी पत्रा, पुढे दोन मीटर, डाव्या मीटरची काच तडकलेली. ती काच माझ्या हातून तडकलेली आहे. माझाच डबा.

पुतणी : आवाज मोठा करतो तो?

काका : आवाज नाही गं, सिग्नल. रेडिओ कुजबुजतो आणि हा त्याची आरोळी करतो.

पुतणी : मारू दे ना आरोळी कुणाच्या तरी घरी.

काका : नाही. त्यात तुझ्या काकूची लग्नाआधीची पत्रं आहेत.

पुतणी : काकूने तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. तिनेच सांगितलंय.

काका : मग माझी असतील.

पुतणी : हे बघा, माझ्या शेजारी बसून लोक रोज खोटं बोलतात. आरशात पाहिलं म्हणतात, पाहिलेलं नसतं. मला मान कशी वळते त्यावरून कळतं. खरं सांगा, नाहीतर मी गाडीत जाऊन पेपर वाचते.

काका : दाराशी जा जरा. तो चष्मेवाला आहे ना, व्यवस्थापक, त्याला म्हण आम्हाला आत्ता आत सोडा. विकणाऱ्यांना आठलाच सोडतात. ते त्या तासाभरात आपसात अदलाबदल करून घेतात. चांगल्या वस्तू दार उघडायच्या आत संपतात.

पुतणी : काय कारण सांगू?

काका : जिवाचा प्रश्न आहे म्हण.

पुतणी : जाते. पण परत आल्यावर मला ऐकायचंय.

काका : काय म्हणाला?

पुतणी : पोट धरून हसला. म्हणाला, धबधब्याला सांगा, गेल्या वर्षी आत शिरायला बायको आत अडकली होती, त्याच्या आदल्या वर्षी हॉलला आग लागली होती, यंदा जिवाचा प्रश्न. नऊ म्हणजे नऊ. धबधबा तुम्हीच ना?

काका : आवडीने म्हणतात.

पुतणी : ऐकवत नाही त्यांच्या तोंडून. बोला आता.

काका : आज कुणीतरी तो डबा विकत घेईल. आत टेस्टिंगचं टेबल असतं, तिथे नेऊन चालू करून बघेल. चालतो, मला माहीत आहे. मग बंद करेल. मग आत काय आहे बघायला झाकण उघडेल.

पुतणी : मग?

काका : मग मरेल.

पुतणी : ही कितवी गोष्ट?

काका : गोष्ट नाही. ऐक. डब्यात तीन हजार व्होल्ट असतात. ते कंडेन्सरमध्ये साठतात, टाकीत पाणी साठावं तसे. डबा बंद केला, पिन भिंतीतून काढली, तरी टाकी भरलेलीच राहते. ती रिकामी व्हावी म्हणून एक रेझिस्टन्स बसवलेला असतो. त्यातून सगळं जिरून जायला दीड मिनिट लागतं. झाकणावर मी लाल रंगात लिहिलंय, 'दीड मिनिट थांबा'. माझ्याच हातचं.

पुतणी : मग थांबतील लोक दीड मिनिट. अडचण काय?

काका : तो रेझिस्टन्स तिथे नाहीये.

पुतणी : कुठे गेला?

काका : मी कापला. स्पर्धा चालू होती, अठ्ठेचाळीस तासांत जास्तीत जास्त देशांशी बोलायचं. आम्ही चौथ्या नंबरावर होतो. मधेच तो रेझिस्टन्स जळाला. नवीन बसवायला तास गेला असता. कापून टाकला आणि लाकडाच्या काठीला तार बांधून घेतली. दर दोन तासांनी आतली कॉइल बदलावी लागायची. झाकण उघडायचं, काठी टेकवायची, धाडकन टाकी रिकामी, की हात घालायचा. मीटर त्याच रेझिस्टन्सवर चालायचा, तोही बंद पडला. मग मीटरची तार मी टाकीच्या आधी जोडून दिली. म्हणजे डबा बंद केला की सुई लगेच शून्यावर. आत तीन हजार, आणि सुई शून्यावर.

पुतणी : तुम्ही काठी लावत होतात. ठीक. मग मरेल कशावरून? असं कधी झालंय का?

काका : मरता मरता वाचलाय एक जण.

पुतणी : कोण?

काका : रांग सरकली का बघ.

पुतणी : नाही सरकली. कोण, काका?

काका : आम्ही दोघं पाळीपाळीने बसत होतो. माझी पाळी संपली. तो आला, मी उठलो. काठीचं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण सांगितलं असतं तर त्याने सगळं तिथेच बंद केलं असतं. तसाच होता तो, नियमाचा पक्का. आणि आम्ही चौथ्या नंबरावर. म्हटलं, कॉइल बदलायला अजून दोन तास आहेत, तोवर चहा घेऊन येतो आणि मग सांगतो. त्याने अर्ध्या तासातच बदलायचं ठरवलं.

पुतणी : तो म्हणजे कोण?

काका : दीड मिनिट थांबला होता गं तो. घड्याळ लावून. सुई शून्यावर आहे पाहिली. डावा हात खिशात ठेवला, मी सगळ्यांना शिकवतो तसा, दोन्ही हात आत घालायचे नाहीत म्हणून. त्यामुळेच वाचला. उजवा हात गेला.

पुतणी : बाबांच्या हातावर वीज पडली होती.

काका : बाहेर ढग गडगडत होते. तो बेशुद्ध होता. डॉक्टरांनी विचारलं, मी म्हणालो, वीज पडली. अँटेनावरून आत आली. एकदा म्हणालो आणि मग

पुतणी : किटली वितळली. मांजराचे केस उभे राहिले ते तीन दिवस खाली बसले नाहीत. खिडकीच्या गजांवर निळ्या ज्वाळा नाचल्या. शाळेत मी ती गोष्ट सांगून बक्षीस मिळवलंय.

काका : माहीत आहे मला. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

पुतणी : बाबांना माहीत आहे?

काका : नाही.

पुतणी : काल संध्याकाळी यादी वाचली तेव्हा तुम्ही ऐकत होतात. तिथल्या तिथे का नाही बोललात? सगळे एकदम सावध झाले असते.

काका : बोलायचं बटण दाबलं होतं मी. चाळीसएक जण ऐकत होते. बटण दाबून धरलं, आणि म्हणालो, आवाज स्वच्छ येतोय, सगळ्यांना नमस्कार. आणि सोडलं.

पुतणी : दार उघडलं. चला.

काका : तू माझ्यावर

पुतणी : त्याचं नंतर. आधी तो डबा. तुम्हाला धड दिसत नाही, माझा खांदा धरा. धक्का लागला तर लागू द्या. कुठल्या टेबलावर असेल?

काका : सामानवाला डाव्या भिंतीशी बसतो. पत्र्याच्या पेट्या, त्यावर हिरवं कापड.

पुतणी : दिसला. तुम्ही या खांबाशी थांबा, गर्दीत हरवाल. कुणी बोलायला आलं तर गोष्ट सांगायची नाही.

काका : मिळाला का?

पुतणी : गेला. आठ वाजून दहा मिनिटांनी. सामानवाला म्हणतो, एक टाइपरायटर आणि दोन भिंतीवरची घड्याळं घेऊन दिला. खूश आहे, म्हणतो ओझं गेलं. घेणारा घड्याळं दुरुस्त करतो, उंच, कानावर पेन्सिल. मी म्हटलं, तो डबा धोक्याचा आहे. तर म्हणतो, ताई, धबधबा पाठवतो दरवर्षी कुणाला तरी, वस्तूची नालस्ती करायला, म्हणजे त्याला स्वस्तात पडते.

काका : घड्याळजी. माझाच विद्यार्थी. हात बघायला हवेस तू त्याचे, केसाएवढा स्क्रू दोन बोटांत धरतो.

पुतणी : टेस्टिंगचं टेबल कुठे आहे?

काका : पलीकडे, स्टेजखाली. तिथे फक्त दोन सॉकेट असतात, रांग असते. देव करो आणि त्याचा नंबर लागलेला नसो. चालू झाला नसेल तर नुसता पत्र्याचा डबा आहे तो. एकतीस वर्षांत टाकी कोरडी झालीय.

पुतणी : गर्दी तिथेच आहे. काहीतरी बघतायत सगळे.

काका : काय म्हणतायत?

पुतणी : म्हणतायत, काय झकास पेटला. किती जुना माल असेल आणि सुई कशी टणकन वर गेली बघा.

काका : पुढे घे मला. लवकर.

घड्याळजी : या सर, या. तुमचीच वाट बघत होतो. सामानवाला म्हणाला होता, दार उघडलं की तुम्ही येऊन या डब्याला काहीतरी रोग सांगणार.

काका : पिन काढलीस?

घड्याळजी : काढलीय. ही बघा हातात. तुम्हीच शिकवलंय.

काका : स्क्रू?

घड्याळजी : सहा होते, पाच काढले. हा शेवटचा.

काका : तो काढू नकोस.

घड्याळजी : झाकणावर लिहिलंय दीड मिनिट थांबा. मी चार मिनिटं थांबलोय. सुई शून्यावर आहे. आणि आता तुम्ही आलात. सर, गेल्या वर्षी तो सोनेरी डायलचा रिसीव्हर मी घेत होतो, आठवतंय? तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, आत वाळवी लागलीय. लोखंडाच्या डब्याला वाळवी. मी सोडला, आणि पुढच्या क्षणी तो तुमच्या काखेत होता.

काका : तो देऊन टाकतो तुला. आजच. हा उघडू नकोस.

घड्याळजी : म्हणजे यात त्याहून चांगलं काहीतरी आहे.

काका : यात तीन हजार व्होल्ट आहेत. आत्ता, या क्षणाला. जिरवणारा रेझिस्टन्स मी कापून टाकलाय. मीटरची तार हलवलीय. सुई खोटी आहे.

घड्याळजी : कशासाठी कापला?

काका : स्पर्धेत चौथा नंबर होता म्हणून.

घड्याळजी : ऐका, ऐका सगळे, नवीन गोष्ट आली. मग सर, पुढे काय झालं? मांजर कुठे होतं?

काका : मांजर नव्हतं. किटली नव्हती. वीज पडली नाही. माझ्या भावाचा हात या डब्याने घेतला, आणि तो मी घेतला. हसा, हसून घ्या, पण हात मागे घे.

घड्याळजी : बघा बरं, सगळा हॉल हसतोय सर. इतकं गंभीर तोंड करून तुम्ही याआधी कधी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं वीज पडल्याची गोष्ट ऐकतोय मी, माझ्या मुलांना झोपताना सांगितलीय. आज तिचा शेवट बदलला.

पुतणी : तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा.

घड्याळजी : आपण कोण ताई?

पुतणी : ज्याचा हात गेला त्याची मुलगी. माझे वडील शिंपी आहेत. कटिंग करायचे. अपघातानंतर डावखुऱ्यांची कात्री मागवली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यापासून शिकले. हात झाकणावरून काढा, म्हणजे मग आपण बोलू.

घड्याळजी : आपण यांच्याबरोबर आला आहात, म्हणजे आपणही. माफ करा, पण इथे हे दरवर्षी होतं. वस्तू चांगली असली की कुणीतरी येऊन तिला नावं ठेवतं. आपल्याला ही हकिकत कधीपासून माहीत आहे?

पुतणी : बाहेर रांगेत कळली. वीस मिनिटं झाली.

घड्याळजी : वीस मिनिटं. आणि पटली?

पुतणी : पटली.

घड्याळजी : या माणसाच्या तोंडून ऐकून?

पुतणी : तुम्ही यांच्या किती गोष्टी ऐकल्यात?

घड्याळजी : मोजल्या नाहीत.

पुतणी : एक तरी अशी आठवते का, ज्यात हे स्वतः भित्रे निघाले? ज्यात यांनी कुणाचं वाटोळं केलं आणि तोंड मिटून बसले? आठवा. मला घाई नाही, तुमचा हात बाहेर आहे तोवर.

घड्याळजी : नाही आठवत.

पुतणी : मलाही नाही. लहानपणापासून ऐकतेय.

काका : सुई कशी उतरली, तू पाहिलीस ना? तू बंद केलास तेव्हा.

घड्याळजी : पाहिली. झटकन आली शून्यावर.

काका : झटकन येते का रे ती? तीन हजारांवरून? वर्गात तुला मी फळ्यावर काढून दाखवलं होतं. दमलेल्या माणसानं जिना उतरावा तशी उतरते.

घड्याळजी : हो. उतरायला हवी होती हळू. मला वाटलं मीटर चांगल्या प्रतीचा आहे.

पुतणी : ठेवला खाली. बरं झालं. आता सगळ्यांनी चार पावलं मागे व्हा. हो, तुम्ही पण, आजोबा. हसायचं असेल तर मागून हसा.

घड्याळजी : पडताळून बघायला हवं सर. असाच सोडून चालणार नाही. खरं असेल तर हा उचलून गाडीत ठेवणाराही मरेल.

काका : काठी लागेल. कोरडी, लांब, लाकडी. टोकाला धातू.

पुतणी : त्या वरच्या खिडक्या उघडायला कोपऱ्यात एक काठी टेकवलीय. टोकाला पितळेचा आकडा आहे. चालेल?

काका : आण. घड्याळजी, तारेचा तुकडा दे. एक टोक आकड्याला पिळ, दुसरं डब्याच्या पत्र्याला. घट्ट. ओढून बघ. आता शेवटचा स्क्रू काढ, एका हाताने, दुसरा खिशात. झाकण बिजागरीचं आहे, ती लाकडी पट्टी घे आणि पट्टीने वर कर. बोट लावू नकोस. मागे हो.

घड्याळजी : काठी मला द्या सर. तुमचा डोळा अजून

काका : डबा माझा आहे.

घड्याळजी : तुम्हाला आतलं दिसणार नाही.

काका : पोरगी सांगेल. बाळ, मला कॉइल दिसतेय, कंडेन्सर धूसर दिसतात. चार आहेत, चौकोनी, डब्यांसारखे. वर चिनी मातीचे खुंट. त्यातल्या उजवीकडच्या पहिल्या खुंटावर मला आकडा टेकवायचाय. कुठे नेऊ ते सांग. मला हात लावायचा नाही. काही झालं तरी लावायचा नाही.

पुतणी : ठीक आहे. माझ्याकडे लक्ष द्या, डब्याकडे नको. डावीकडे घ्या. अजून. अजून थोडं. थांबा. पुढे. सावकाश, घाई नाही, मागून कोणी हॉर्न वाजवत नाहीये. पुढे. थांबा. आकडा खुंटाच्या बरोबर वर आहे, चार बोटं. श्वास घ्या.

काका : घेतला.

पुतणी : सरळ खाली.

(बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज. स्टेजवरचा पत्र्याचा कप खाली पडून गोल गोल फिरत राहतो. बाकी हॉलमध्ये कुणी हलत नाही.)

घड्याळजी : आकड्याचं टोक वितळलंय.

काका : अजून एकदा टेकवतो. थोडं मागे उरतं. सांग.

पुतणी : थोडं उजवीकडे. खाली.

काका : आता काही नाही. गेलं. पुन्हा टेकवून तसाच धरून ठेवतो. आकडा काढायचा नाही कुणी. तार तशीच बांधलेली राहू दे घरी नेईपर्यंत.

घड्याळजी : मी दोन्ही हातांनी कॉइल धरणार होतो. ती तशीच निघते, दोन्ही बाजूंनी ओढून. मी खिशातला हात आधीच काढला होता सर.

काका : बस तू. खुर्ची द्या रे त्याला.

घड्याळजी : वर्गात हे का नाही सांगितलंत? वीस वर्षं एक हात खिशात, एक हात खिशात. हे का नाही?

काका : वर्गात लोक माझ्याकडे मान वर करून बघायचे.

घड्याळजी : हा डबा मी घरी नेतो. चारही कंडेन्सर काढून टाकतो, पत्र्याचं काहीतरी करीन. काढलेले तुम्हाला आणून दाखवतो. आणि संध्याकाळी सातला रेडिओवर मी सांगणार आहे काय झालं ते. तुमचं नाव घेऊन. तुम्ही मधे बोललात तरी थांबणार नाही.

काका : सांग. माझ्याआधी सांग. मग मी सांगतो, तुझ्यात काही राहिलं तर.

पुतणी : चला काका. उन्हात या जरा. पांढरे पडलाय.

काका : पायरीवर बसू?

पुतणी : बसा. पाणी घ्या.

काका : आता बोल मला, काय बोलायचं ते.

पुतणी : काय बोलू? मी सात वर्षांची होते. आमच्या घरी आभाळ भरून आलं की बाबा सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे, घरातल्या झाडून सगळ्या पिना काढायचे, दिव्याचीसुद्धा. आईला नळाला हात लावू द्यायचे नाहीत. मला शाळेच्या सहलीला कधी पाठवलं नाही, ढग येतील म्हणून. मला वाटायचं, बाबांना वीज ओळखते. त्यांना शोधत येते. आजही, आत्ता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आजही लांबवर गडगडलं की डावा हात त्या निकामी उजव्या हातावर ठेवून मोरीत जाऊन बसतात, कारण तिथे खिडकी नाही. ज्याने त्यांना काही केलं नाही, त्याला ते एकतीस वर्षं घाबरतायत.

काका : मला कुणी सांगितलं नाही.

पुतणी : तुम्ही आलात की तुम्हीच बोलायचात ना.

काका : घरी जाऊन सांगतो. आज जेवायला येतो तुमच्याकडे, समोर बसून सांगतो.

पुतणी : नाही. घरी पोचेपर्यंत त्याची गोष्ट झालेली असेल. तुम्ही वाटेत तिला चार खोल्या आणि एक गच्ची बांधाल. आता फोन करा. मी लावून देते.

काका : दादाने फोन ठेवून दिला तर?

पुतणी : तर परत लावीन.

काका : तू थांबशील इथे?

पुतणी : गाडीची किल्ली माझ्याकडे आहे, कुठे जाणार? घ्या. रिंग होतेय.

काका : दादा? मी बोलतोय. हो, मेळ्यातूनच. नाही, काही घेतलं नाही. नाही, ऊन आहे इथे, लख्ख ऊन आहे. तू बसलायस का? बस आधी. अरे तसं नाही, सगळे ठीक आहेत. दादा, मला एक सांगायचंय, त्या राखाडी डब्याचं. तुझ्या हाताचं. नाही रे, मांजराची नाही, ती नको आता. ऐक ना. पोरगी? हो, शेजारीच आहे माझ्या. नाही दादा. ती हसत नाहीये.